श्रीखंडाच्या डब्यातल्या चाळीस नळ्या

पाचव्या दिवशी सकाळी हेमलताबाईंनी मायक्रोस्कोपला डोळे लावले. त्यांनी चष्मा काढून पुसला. फ्लास्क फिरवून दुसरा कोपरा पाहिला, मग तिसरा. सगळीकडे तेच.

"अगं बायांनो, झोपलात की काय?"

बाया म्हणजे पेशी. हेमलता कुंभोजकर अठरा वर्षं मिरजेच्या एका रुग्णालयात, त्वचापेढीत, माणसांची कातडी वाढवायचं काम करत होत्या आणि पेशींशी बोलायची सवय त्यांना पहिल्या महिन्यातच लागली होती. नवीन आलेले डॉक्टर हसायचे. हसू देत बापडे. बंद खोलीत एकटीनं बसून, सणवार न बघता, दिवसाआड कुणाला तरी खायला घालून बघा म्हणावं. तुम्हीही बोलायला लागाल.

या बाया नसीमच्या होत्या. नसीम सतारमेकर, वय त्रेचाळीस. तंबोऱ्याला पॉलिश करण्यात तिचा हात धरणारं अख्ख्या मिरजेत कुणी नव्हतं. आठ दिवसांपूर्वी पॉलिशच्या स्पिरिटचा डबा पेटला आणि मान, पाठ, दोन्ही दंड, असं जवळजवळ निम्मं अंग भाजून ती इथं आली. डॉ. शिराळकरांनी जळलेली कातडी काढली आणि वरून त्वचादानातून आलेली कातडी पांघरली. पण ही पाहुणी कातडी. शरीर तिला थोडे दिवस ठेवून घेतं आणि मग हाकलून देतं. तेवढ्यात नसीमची स्वतःची कातडी तयार झाली पाहिजे. नाही झाली, तर उघड्या जखमेत जंतू शिरतात, आणि पुढे काय होतं ते हेमलताबाईंनी इतक्यांदा पाहिलं होतं की ते आठवायचीही त्यांची तयारी नव्हती.

म्हणून तिच्या मांडीवरून टपालाच्या तिकिटाएवढा तुकडा काढला होता. त्याच्या पेशी सुट्या करून फ्लास्कमध्ये पेरल्या होत्या. पाच दिवसांत त्यांनी फ्लास्कचा निम्मा तळ फरशी बसवल्यासारखा भरून टाकायला हवा होता. पण चार-चार, पाच-पाचच्या घोळक्यानं त्या मंगळवारी जिथं बसल्या होत्या तिथंच आजही बसल्या होत्या. मेल्या नव्हत्या. नुसत्या बसून होत्या.

आता थोडं शास्त्र सांगायलाच हवं, त्याला इलाज नाही. पेशीला साखर द्या, क्षार द्या, ऊब द्या. ती जगेल, पण वाढणार नाही. वाढायला तिला निरोप लागतो. तो निरोप आपलं शरीर एका प्रोटीनच्या रूपानं पाठवतं. जखम झाली की हे प्रोटीन पेशीच्या अंगावरच्या नेमक्या जागी येऊन चिकटतं, आणि पेशी एकीच्या दोन होते, दोनाच्या चार. हा वर्धक. बाहेर वाढवलेल्या पेशींना तो बाहेरूनच द्यावा लागतो. त्यासाठी माणसाचं जनुक जिवाणूंमध्ये घालतात, मोठमोठ्या टाक्यांतून ते जिवाणू वाढवतात, आणि ते बिचारे स्वतःला कवडीचा उपयोग नसलेलं हे माणसाचं प्रोटीन इमानेइतबारे बनवत राहतात. मग ते गाळायचं, शुद्ध करायचं, वाळवायचं. कुपीच्या तळाशी साखरेच्या एका दाण्याहूनही कमी पांढरी भुकटी उरते. तेवढ्यात एका माणसाची पाठ झाकते.

पूर्वी असले वर्धक दहा ठिकाणी मिळायचे. मग दहा वर्षांपूर्वी सेलव्हर्दा नावाच्या कंपनीनं त्यात थोडे फेरफार केले आणि चार आठवड्यांचं काम बारा दिवसांवर आणलं. हे खरंच मोठं काम होतं, ते नाकारायचं कारण नाही. कितीतरी लोक त्यानं जगले. सगळ्या त्वचापेढ्या तिकडे वळल्या, बाकीचे बनवणारे बंद पडले आणि त्यानंतर कंपनीचे नियम सुरू झाले. एका रुग्णाला एकच कुपी. इनक्युबेटर कंपनीचाच, आणि त्याच्या आत डोळा, जो तासातासाला पेशींचा फोटो काढून कंपनीला पाठवणार. वापरलेल्या नळ्या त्याच दिवशी भट्टीत.

हेमलताबाईंनी फोन उचलला आणि मुलीला लावला. ओवी त्यांची एकुलती एक लेक. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली आणि दीड वर्षापासून याच सेलव्हर्दाची देखरेख अधिकारी. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, असे तीन जिल्हे तिच्याकडे.

"ओवी, तुमच्या कुपीत दम नाही गं. पेशी हलत नाहीत."

"निळ्या टोपणाची आहे का?"

"निळंच. त्याचं काय?"

"आई, कशात विरघळवलंस?"

"कशात म्हणजे? नेहमीच्या क्षारपाण्यात. मग चाळीस नळ्यांत वाटली आणि ठेवली गारठवून."

"अल्ब्युमिन नाही घातलंस?"

"ते कुपीतच असतं की!"

"असायचं. आता नसतं. निळं टोपण म्हणजे शंभर टक्के शुद्ध. अल्ब्युमिन आपलं आपण घालायचं. अ‍ॅपवर सूचना आली होती, आई. सतराव्या पानावर."

हेमलताबाई स्टुलावर बसल्या. काय झालं ते त्यांना एका क्षणात कळलं, कारण हे त्यांनीच कितीतरी मुलींना शिकवलं होतं. प्रोटीन प्लॅस्टिकला चिकटतं. भरपूर असेल तर थोडं चिकटलेलं कळतही नाही. पण असं कणभर असेल तर सगळंच्या सगळं नळीच्या भिंतीवर जाऊन बसतं आणि पाणी रिकामं राहतं. म्हणून सोबतीला अल्ब्युमिन घालायचं. ते आपल्या रक्तातलंच साधं, भरपूर असणारं प्रोटीन. एसटी थांबताच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं ते आधी शिरून भिंतीवरच्या सगळ्या जागा धरतं. मग वर्धकाला बसायला जागाच उरत नाही, तो मधे पाण्यात उभा राहतो, आणि आपल्याला तो पाण्यातच हवा असतो. दहा वर्षं कंपनी हा रुमाल आतूनच टाकून द्यायची. या वेळी टाकला नव्हता, आणि हेमलताबाईंनी सवयीनं पाणी घातलं होतं. पाच दिवस त्या नसीमच्या पेशींना नुसतं पाणी पाजत होत्या.

"माझी चूक," त्या म्हणाल्या. "दुसरी कुपी पाठव."

"आई, वापरणाऱ्याची चूक असेल तर नवीन कुपीला एकवीस दिवस लागतात."

"माझ्या पेशंटला दहाच आहेत."

"मी अपवादाचा अर्ज टाकते. आत्ता टाकते." ओवीचा आवाज बारीक झाला. "पण आई, माझ्या हातात नाहीये."

तिनं खरंच टाकला. सांगलीच्या एका पेढीचं काम होतं म्हणून संध्याकाळी ती मिरजेला आईकडेच मुक्कामाला आली, आणि जेवणाआधीच तिच्या फोनवर उत्तर आलं. अर्ज नामंजूर. त्याखाली हसऱ्या चेहऱ्याचं एक चित्र आणि 'आमची सेवा कशी वाटली?' असा प्रश्न.

पण त्याआधी दुपारी हेमलताबाई डॉ. शिराळकरांना घेऊन नसीमपाशी गेल्या होत्या. डॉक्टर म्हणत होते, पेशंटला इतक्यात कशाला सांगायचं? हेमलताबाईंनी ऐकलं नाही. नसीम पालथी झोपली होती, गाल उशीवर, एकच डोळा दिसत होता.

"नसीम, माझ्या हातून चूक झाली. तुझी कातडी वाढली नाही."

तो एक डोळा त्यांच्याकडे बघत राहिला. "मरू दिली का तुम्ही माझी कातडी?"

"मेली नाही. वाढली नाही."

"मग वाढवा की वो बाई." तिला बोलताना दम लागत होता, पण तोरा कमी नव्हता. "भोपळ्याला तडा गेला म्हणून आम्ही तंबोरा चुलीत घालत नाही. सांधतो. असा सांधतो की वाजवणाऱ्यालाबी पत्ता लागत नाही. तुमचं तुम्ही सांधा. मला काय सांगायला आलाय?"

हेमलताबाईंना रडू आलं आणि रागही आला. कुणाचा ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. स्वतःचा होता, निळ्या टोपणाचा होता, सतराव्या पानाचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात ओवी चहासाठी उभी होती. जग कुठल्या कुठे गेलं, भांडी यंत्र घासायला लागलं, पण कुंभोजकरांच्या घरी दूध अजून पिशवीतूनच यायचं. हेमलताबाईंनी पिशवीचा कोपरा कापला, दूध पातेल्यात ओतलं, आणि मग पिशवीत थोडं पाणी घेऊन, कोपरा चिमटीत धरून खळखळ हलवलं आणि तेही पातेल्यात ओतलं. एकदा. दोनदा.

"आई, अजून विसळतेस? माझ्या फ्लॅटवरचे लोक बघतील तर काय म्हणतील?"

"म्हणू देत. भिंतीला लागलेलं दूध काय टाकून द्यायचं? आणि पाणी कोमट हवं, गारेगार पाण्यानं साय सुटत नाही."

"कोमट म्हणजे किती गं आई?" ओवी हसली. एम.एस्सी.ला असल्यापासून हा तिचा ठरलेला चेष्टेचा प्रश्न होता. आई 'चिमूटभर' म्हणाली की ही विचारणार किती ग्रॅम. आई 'कोमट' म्हणाली की ही विचारणार किती अंश.

पिशवी हातात धरून हेमलताबाई तशाच उभ्या राहिल्या. तिसऱ्यांदा घातलेलं पाणी पिशवीत पांढुरकं होत चाललं होतं.

"आई?"

"तू चहा घे. मला जायचंय."

"इतक्यात? आणि चप्पल वेगवेगळी घातलीयेस!"

त्या पायरीवरूनच परत फिरल्या, चप्पल बदलली आणि गेल्या. जाताना ओवीला सांगावं असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर ओवीला ते लपवावं लागलं असतं, नाहीतर कळवावं लागलं असतं. पोरीच्या गळ्यात हे लोढणं नको.

आता त्या चाळीस नळ्या. नियमानं त्या भट्टीत जायला हव्या होत्या. पण हेमलताबाईंना ज्यांनी काम शिकवलं त्या जुन्या बाईंचा एक दंडक होता: पेशी तयार होऊन फ्लास्कमधून उतरेपर्यंत नळी टाकायची नाही. काही बिनसलं तर काय बिनसलं ते नळीच सांगते. कंपनीचे नियम आले, तरी हेमलताबाई दंडक पाळत राहिल्या. भट्टीच्या तोंडाशी असलेल्या कॅमेऱ्यासमोर त्या दुसरंच प्लॅस्टिक टाकायच्या, आणि नळ्या घट्ट टोपण लावून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवायच्या. वर चिठ्ठी चिकटवलेली: नसीम.

डबा उघडला. चाळीसच्या चाळीस होत्या. नसीमची पाठ त्या नळ्यांच्या भिंतींना चिकटून बसलेली होती, फक्त दिसत नव्हती.

त्यांनी डॉ. शिराळकरांकडून आयसीयूतल्या अल्ब्युमिनची एक बाटली मागितली. डॉक्टर तसे भित्रे, पण माणूस सरळ.

"कशाला?"

"नळ्या विसळायच्यात."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सुटेल?"

"माहीत नाही. अल्ब्युमिननं गर्दी केली तर बसलेल्यांतले काही उठतील. आधी फ्लास्कबाहेर उरलेल्या थोड्या पेशींवर करून बघते. जंतू नाहीत ना तेही बघू. त्याशिवाय नसीमच्या फ्लास्कला हात लावणार नाही."

"आणि कागदावर काय लिहायचं?"

"जे केलं ते."

पहिल्यांदा त्यांनी फ्रिजमधलं गार पाणी वापरलं, कारण प्रोटीनचं काम थंडीतच करायचं हे हाडीमाशी मुरलेलं. पाच नळ्या विसळल्या. ते पाणी घातलेल्या पेशी दुसऱ्या दिवशी ढिम्म. मग त्यांना साय आठवली. स्वतःलाच चार शब्द सुनावून त्यांनी अल्ब्युमिनचं पाणी कोमट केलं, नळीत थेंब-थेंब घातलं, इनक्युबेटरशेजारच्या उबदार ताटलीवर नळ्या अर्धा तास ठेवल्या, हलक्या हातानं उलट्यासुलट्या केल्या, पाणी काढून घेतलं. पुन्हा. आणि तिसऱ्यांदा. मग एका छोट्या वाटीतल्या पेशींना ते पाणी दिलं आणि शेजारच्या वाटीला नुसतं अल्ब्युमिन, म्हणजे अल्ब्युमिनचाच हा प्रताप नाही ना ते कळावं.

सव्वा दिवसानं पाहिलं. दुसऱ्या वाटीत शांतता. पहिल्या वाटीत एक पेशी कमरेत आवळली जात होती, दोन व्हायच्या बेतात. तिच्या पलीकडे आणखी एक. मग एकदम सात.

"उठलात का गं माझ्या बायांनो!" हेमलताबाई इतक्या मोठ्यानं ओरडल्या की वॉर्डातली नर्स धावत आली.

जंतूंची तपासणी स्वच्छ निघाली. नसीमच्या फ्लास्कना विसळलेलं पाणी मिळालं आणि पेशींनी बैठक मोडली. बुधवारपर्यंत निम्मा तळ भरला, शुक्रवारी फटी बुजायला लागल्या. आणि शुक्रवारीच दुपारी ओवीचा फोन आला. इनक्युबेटरच्या डोळ्यानं कळवलंच होतं: मिरज, फ्लास्क अकरा ते सोळा, नव्या कुपीची नोंद नाही, वाढ मात्र चढती.

"आई, तू काय केलंस?"

"नळ्या विसळून घेतल्या."

ओवीला समजायला एक क्षणही लागला नाही. शेवटी त्याच घरात वाढलेली मुलगी. "त्या दिवशी सकाळी. चहाच्या वेळी. तुला माझ्यासमोर सुचलं आणि तू मला सांगितलं नाहीस!"

"सांगून तुला कशाला अडकवू?"

"आता काय सुटले मी? माझा जिल्हा, माझी आई! त्यांना वाटणार मीच शिकवलं." ती रडत होती हे आवाजावरून कळत होतं. "आई, एक कर. जुनी कुपी फ्रीजरमध्ये सापडली म्हण. तीन वर्षांपूर्वीची, नोंदीतून राहून गेलेली. मी तसं लिहिते. तुला ताकीद मिळेल, विषय संपेल."

"खोटं बोलू?"

"माझ्यासाठी."

हेमलताबाईंना लेकीसाठी काय काय केलं ते सगळं आठवलं, आणि आणखी बरंच करायची तयारी होती.

"ओवी, निळी टोपणं फक्त मिरजेला आली का?"

"नाही. सगळीकडे गेली."

"मग आणखी कुठंतरी माझ्यासारखीच एखादी जुन्या खोडाची बाई साध्या पाण्यात कुपी विरघळवत असणार. ती नळ्या भट्टीत टाकेल, कारण तुम्ही तसं सांगितलंय. तिचा पेशंट जाईल. मी जुनी कुपी सापडली म्हटलं, तर नळी विसळ असं तिला कोण सांगणार? तू?"

ओवीनं फोन ठेवला. त्यानंतर अकरा दिवस मायलेकींचं बोलणं नव्हतं. ओवी जन्मल्यापासून असं कधी झालं नव्हतं. हेमलताबाईंना ते फार लागलं, तरी त्यांनी स्वतःहून फोन केला नाही.

रविवारी नसीमच्या पाठीवर तिची स्वतःची कातडी चढली. ओल्या टिश्यूपेपरइतकी पातळ, जरा हात हलला की चुरगळणारी. डॉ. शिराळकर चिमट्यानं पसरत होते आणि हेमलताबाई शेजारी उभ्या राहून श्वास रोखत होत्या. आठ दिवसांनी पट्ट्या सोडल्या. पाठ गुलाबी होती, चमकत होती, दोन ठिकाणं सोडून सगळी धरली होती.

"कशी झालीय?" नसीमनं विचारलं.

"पहिला हात बसलाय," हेमलताबाई म्हणाल्या. "आणखी चार लागतील."

"पॉलिशचं मला शिकवताय होय," नसीम म्हणाली आणि उशीत तोंड खुपसून हसली.

एक गोष्ट हेमलताबाईंनी अहवालात लिहून ठेवली, आणि कंपनीला खरी झोंबली ती तीच. विसळलेलं सगळं पाणी वापरलंच गेलं नव्हतं. अर्धंअधिक उरलं होतं. म्हणजे इतकी चूक होऊन, इतकं वाया जाऊनही, त्या एका कुपीत आणखी एका माणसाची कातडी शिल्लक होती. एका रुग्णाला एकच कुपी हा नियम प्रोटीननं केलेला नव्हता.

चौकशी अधीक्षकांच्या खोलीत झाली. भिंतीवरच्या पडद्यावर पुण्याहून कंपनीचे विभागप्रमुख कामत. मोठे गोड बोलणारे. आणि कागदपत्रं घेऊन प्रत्यक्ष हजर राहायला त्यांनी पाठवली होती ओवीला. घरचंच माणूस समोर बसवलं की आई निमूट सही करेल, हा हिशोब उघड होता. ओवी आईकडे न बघता बसली होती. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं.

"बाई, तुमच्या हेतूबद्दल आम्हाला आदरच आहे," कामत म्हणाले. "पण पेशंटला काही झालं असतं तर?"

"काही न करता नक्कीच झालं असतं. तुम्ही एकवीस दिवस सांगितले होते. जंतूंची तपासणी, पेशींची तपासणी, सगळं फाईलमध्ये लावलंय. त्यात काय चुकलं ते दाखवा."

"मुद्दा तो नाही."

"मग कुठला आहे?"

कामत ओवीकडे वळले. "ओवी, तो मसुदा द्या त्यांना."

ओवीनं कागद पुढं सरकवला. वर कंपनीचं निळं चिन्ह. खाली लिहिलेलं: मी उत्पादनाचा अनधिकृत पुनर्वापर केला, मला खेद आहे, असं पुन्हा करणार नाही, ही पद्धत तोंडी वा लेखी कुणालाही सांगणार नाही. आणि त्याखाली सहीची रेघ.

"सही केलीत की विषय संपला," कामत म्हणाले. "नाही केलीत तर तुमचं प्रमाणपत्र रद्द. आमच्या कुपीला तुम्हाला परत हात लावता येणार नाही. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत ना बाई? कशाला उगीच?"

अधीक्षक टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले.

हेमलताबाईंनी कागद दोनदा वाचला. अठरा वर्षं. दिवाळीतही चुकलं नाही, नवऱ्याच्या तेराव्यालाही दुपारी येऊन पेशींना खायला घालून गेल्या होत्या. ती खोली गेली तर सकाळी उठून कुणाशी बोलायचं, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. मग त्यांनी पेन काढलं, कागद उलटा केला, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागल्या. वळणदार, ठसठशीत, नवख्या मुलीलाही वाचता येईल असं.

"बाई, सही पुढच्या बाजूला आहे," कामत म्हणाले.

"माहीत आहे."

लिहून झालं. खाली त्यांनी पूर्ण नाव घातलं, हेमलता दत्तात्रय कुंभोजकर, त्वचापेढी, मिरज, आणि सही केली.

"तुमचा खेद मला नको," त्या उठून म्हणाल्या. "माझी चूक मी नसीमच्या तोंडावर कबूल केलीय, तिथं खेद होता तेवढा वापरून झाला. नळ्या मी विसळल्या, उद्या वेळ आली तर परत विसळेन, आणि जी विचारेल तिला शिकवेन. हे प्रोटीन माणसाच्या अंगात तुमच्या आधीपासून आहे. प्रमाणपत्र घेऊन जा. हा कागद दारावर लावायचाय मला, त्याची एक प्रत तेवढी काढून द्या."

कागद टेबलावर ओवीसमोर पडला होता. तो गोळा करून फाईलला लावणं हे तिचं काम होतं. तिनं तो उचलला आणि वाचायला लागली.

निळ्या टोपणाची कुपी चुकून साध्या पाण्यात विरघळवली असेल तर घाबरू नका. नळ्या टाकू नका. हजार भाग क्षारपाण्याला एक भाग अल्ब्युमिन घ्या. हे पाणी कोमट करून नळीत घाला, हलक्या हातानं फिरवा, काढून घ्या. असं तीनदा करा. आधी थोड्या पेशींवर करून बघा. जंतूंची तपासणी केल्याशिवाय पेशंटला लावू नका.

ओवीनं पुन्हा वर जाऊन एक ओळ वाचली. तिचे ओठ हलले. मग तिनं पहिल्यांदा मान वर करून आईकडे पाहिलं, आणि त्या डोळ्यांत पाणी होतं.

"आई," ती म्हणाली, "कोमट म्हणजे किती?"

हेमलताबाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

ओवीनं स्वतःच्या पर्समधून पेन काढलं. 'कोमट' या शब्दाच्या डोक्यावर, बारीक नेटक्या अक्षरांत तिनं लिहिलं: सदतीस अंश, अर्धा तास. मग कागदाच्या तळाशी, आईच्या सहीला लागून, स्वतःची सही केली.

"ओवी?" पडद्यावरून कामतांचा आवाज आला, आता तितका गोड नव्हता. "काय लिहिलंत तुम्ही त्याच्यावर?"

"तापमान लिहायचं राहिलं होतं, सर."